विषादाची चाहूल

विषाद हा शब्द आपल्या घरोघरीं परिचयाचा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. आणि चरकसंहितेंत तर रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादास अग्रस्थान दिलेलें आहे. असें असूनहि आपल्याच घरांतील माणसास हा विकार जडला, म्हणजे तो ओळखण्यांत आपण महिनेन् महिने दवडतों. कारण पुष्कळदां तो विषादाच्या रूपानें दाराशीं येतच नाहीं. तो डोकेदुखी होऊन येतो, अजीर्ण होऊन येतो, कंबरेंतील कळ होऊन येतो.

एखाद्या गृहिणीचें उदाहरण घेऊं. स्वयंपाक वेळेवर होतो, मुलांचे डबे भरले जातात, पाहुण्यांची सरबराईहि चुकत नाहीं. मात्र ज्या बाई दिवाळीच्या आधीं आठ दिवस पदर खोचून भाजणीला लागत, त्यांना यंदा फराळाचें नांवहि नको असतें. रात्रीं झोंप लागते, पण पहांटे तीनच्या सुमारास उघडलेले डोळे पुन्हां मिटत नाहींत. सकाळ सर्वांत जड जाते; संध्याकाळीं जरा बरें वाटतें. अन्नाला चव नाहीं, वजन उतरलेलें, वर्तमानपत्राचें पान संपेपर्यंत पहिल्या ओळी विसरलेल्या. विचारावें तर "कांहीं नाहीं, वय झालें" एवढेंच उत्तर. आणि घरचीं माणसें म्हणतात, "काम तर सगळें करते आहे, मग आजार कसला?" माझ्या मतें या एका प्रश्नानें फार मोठा घात होतो. काम चालू आहे एवढ्यावरून प्रकृति ठीक आहे असें ठरत नाहीं. तें किती ओढाताणीनें चाललें आहे, हें पाहावयाचें असतें. पुरुषांत हाच विकार कित्येकदां चिडखोरपणाच्या किंवा वाढत्या मद्यपानाच्या आड लपलेला असतो.

साध्या दुःखांत आणि या विकारांत भेद आहे. दुःखाच्या लाटा येतात आणि ओसरतात. मधेंच नातवाच्या बोबड्या बोलानें हसूंहि फुटतें. विकारांत तें हसूंच आटतें. वैद्यकशास्त्रानें यासाठीं एक माप ठरविलें आहे. मनाची उदासी, अथवा आवडत्या गोष्टींतील गोडी नाहींशी होणें, या दोहोंपैकीं एक तरी हवें. आणि झोंप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींतील मंदपणा किंवा तगमग, अकारण अपराधीपणा, मरणाचे विचार यांतलीं धरून एकूण पांच लक्षणें किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ असावींत. इतके दिवस लोटले, कीं डॉक्टरांकडे जावें. पांचाचा हिशेब घरीं पुरा होण्याची वाट पाहूं नये. तसेंच, "नोकरी गेली, म्हणून असें होणारच," असें म्हणून थांबूंहि नये. पाय घसरून हाड मोडलें, तरी तें बसवावें लागतेंच.

प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलें तरी चालतें. थायरॉइडची मंदगति, रक्तक्षय, बी-बारा जीवनसत्त्वाची उणीव यांतहि अशीच मरगळ येते, म्हणून रक्त तपासून घ्यावें. पुढें मानसोपचारतज्ज्ञाचें नांव निघतांच घरांत ठाणें आणि येरवडा आठवतात! वस्तुतः या विकाराचे बहुतेक रोगी घरीं राहूनच बरे होतात. सौम्य विकारांत केवळ संभाषणोपचारहि पुरतात. औषध दिलेंच, तर त्याचा गुण दिसावयास २ ते ४ आठवडे, कधीं अधिकहि लागतात. मळमळ वगैरे त्रास मात्र आधीं होतो. त्यामुळें पुष्कळ लोक दुसऱ्याच आठवड्यांत गोळ्या सोडतात आणि दोष औषधाला देतात. बरें वाटल्यावरहि सुमारें ६ महिने तरी औषध चालू ठेवावें लागतें, आणि तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच हळूहळू उतरवावें लागतें.

आतां जी गोष्ट विचारण्यास जीभ अडखळते, तिच्याविषयीं. "जीव द्यावा, असें मनांत येतें का?" हें जवळच्या माणसानें स्पष्ट शब्दांत विचारावें. विचारल्यानें नसता विचार डोक्यांत शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्यानें कोंडलेल्या माणसाला बोलावयास वाट मिळते. पूर्वी पोलिसांच्या धाकानें घरेंच्या घरें मूग गिळून बसत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं आहे असें गृहीत धरलें. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत जुनें ३०९ वें कलम उरलेलेंच नाहीं.

उत्तर होकारार्थी आलें, तर उद्यांवर टाकूं नये. त्या माणसास एकटें सोडूं नये; झोंपेच्या गोळ्या, कीटकनाशकें हातीं लागणार नाहींत असें करावें; आणि त्याच दिवशीं त्यास डॉक्टरांकडे अथवा जवळच्या रुग्णालयांत न्यावें. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते. तेथें मराठींत बोलतां येतें, आणि रोगी स्वतः बोलावयास तयार नसेल, तर घरच्या माणसानें फोन केला तरी चालतो.