नाव झाकून गुण द्या



आपल्यापैकी बरेच जण सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांना शिकवतात. आता गृहपाठही मोबाइलवरून अपलोड होतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे 'कुठलं ॲप घ्यावं?' असं मला विचारलं जातं. पण त्याआधी गुण कसे द्यायचे, हे ठरवायला हवं.

नाव वाचून आपले गुण कापले असतील, ही शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात कधी तरी येऊन गेलेली असते. सिद्ध करता येत नाही, म्हणून ती मनातच राहते. पण अशी शंका तपासता येते. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातच ती तपासली. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय वगैरे माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही लावली आणि शिक्षकांकडून गुण घेतले. निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. 'खालची' जात लिहिलेल्या पेपरांना सरासरी थोडे कमी गुण मिळाले होते. फरक लहान होता, पण होता. हा अभ्यास जातीचा होता, धर्माचा नव्हे. त्यातून भलता अर्थ काढू नका.

मला त्यातल्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. गठ्ठ्यात सुरुवातीला तपासलेल्या पेपरांमध्ये भेदभाव जास्त दिसला. तेव्हा तपासणाऱ्याचं मोजमाप अजून पक्कं झालेलं नसतं. ती रिकामी जागा नाव भरून काढतं. दुसरी गोष्ट म्हणजे, हा भेदभाव मुख्यतः 'खालच्या' मानलेल्या जातींच्याच शिक्षकांकडून झाला. म्हणजे आपल्या माणसाच्या हाती लाल पेन आलं की न्याय होतोच, असं नाही. यात तुम्ही-आम्हीही आलो.

मग करायचं काय? 'मूडल' हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात असाइनमेंट तयार करताना 'अनॉनिमस सबमिशन्स' सुरू करा. नावाऐवजी क्रमांक दिसतो. मुलांचं काम येऊ लागल्यावर ही सेटिंग बदलता येत नाही, म्हणून आधीच ठरवा. वहीच्या फोटोत नाव येऊ देऊ नका, असं मुलांना सांगा. नाहीतर सगळी मेहनत वाया.

वर्गात बाराच मुलं असतील तर अक्षर ओळखू येणारच. म्हणून दुसरं काम जास्त मोलाचं: मोजमाप आधी लिहून ठेवा. मूडलमध्ये त्यासाठी 'रुब्रिक' आहे. समजा 8 गुणांचं गणित आहे: रीत 4, आकडेमोड 3, उत्तर 1. हा तक्ता मुलांनाही आधीच दाखवा. गठ्ठा संपला की पहिले पाच पेपर पुन्हा तपासा.

सगळं यंत्रावर सोपवू नका. फक्त अंतिम उत्तर तपासणारी क्विझ नाव बघत नाही, तशी रीतही बघत नाही. शेवटच्या ओळीत चुकलेल्याला आणि काहीच न सोडवलेल्याला ती सारखंच शून्य देते. रीत बघायला माणूसच लागतो.

आणि उद्या तुमचेच गुण कापले गेले, तर एवढंच विचारा: 'सर, कोणत्या निकषावर किती गुण गेले?' या प्रश्नात कुणावर आरोप नाही, पण त्याचं उत्तर द्यावं लागतं. आपल्या वर्गातल्या मुलांनी हा प्रश्न आपल्यालाही विचारावा, इतकं त्यांना धीट करा.