दिल्लीचा कागद कुठे तपासायचा?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय 'राज्यशास्त्राची ओळख' आहे असे कळल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती आमच्यापर्यंत पोचली. दुसरे काही मिळाले नाही की बी. ए.ला घ्यायचा तो विषय! कृषी महाविद्यालयात असताना आम्हीही तेच म्हणत होतो. चार वर्षांत आम्ही मातीचा सामू शिकलो, नत्र-स्फुरद-पालाश शिकलो, फुलकिडे आणि करपा ओळखायला शिकलो. पिकाचा भाव कोणाच्या सहीने पडतो हे विचारायला कोणी मनाई केली नव्हती. आम्हाला सुचलेच नाही.

सुचले ते फार उशिरा. २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही एका गावात रांगड्या कांद्याचे नियोजन करून दिले. गादीवाफ्यावर रोपे, ठिबक, फवारणीचे वेळापत्रक, सगळे पुस्तकाप्रमाणे. पीक देखणे उभे राहिले आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. बाजार कोसळला. त्या गावातला एक शेतकरी आम्हाला म्हणाला, "साहेब, माती तुम्ही तपासलीत, पाणी तपासलंत. आता हा दिल्लीचा कागद कुठं तपासायचा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पदवी होती.

हा कागद तपासण्याची जागा म्हणजे राज्यशास्त्र. राजकारण वेगळे. कोण कोणाच्या गाडीत बसला, कोणाचे तिकीट कापले, हे आपल्याला पाठ असते. राज्यशास्त्र विचारते की निर्णय कोणी घेतला, कोणत्या अधिकारात घेतला, कोणाला भिऊन घेतला आणि तो बदलायचा रस्ता कुठून जातो. तोच निर्यातबंदीचा कागद हातात धरून आज या शास्त्राच्या शाखांतून एक चक्कर मारू.

पहिली शाखा संविधान आणि शासनसंस्थांची. शेती हा राज्याचा विषय, असे आपण ऐकत आलो. खरे आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत नोंद १४ शेतीची, नोंद २८ बाजार आणि जत्रांची. पण परदेशाशी व्यापार, आयात आणि निर्यात ही संघसूचीत, नोंद ४१. खाद्यपदार्थांच्या व्यापाराचा विषय समवर्ती सूचीत, नोंद ३३. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने ती आजच्या रूपात आली. म्हणजे पेरायचे राज्याच्या यादीत आणि परदेशी विकायचे केंद्राच्या यादीत! बंदीच्या आदेशामागे १९९२ चा विदेश व्यापार (विकास व विनियमन) कायदा आहे. त्या कायद्याने केंद्र सरकार राजपत्रात आदेश छापून निर्यात थांबवू शकते, त्यासाठी आधी संसदेत चर्चा व्हावी लागत नाही. आणि आम्ही काय केले? कलेक्टर कचेरीत निवेदन दिले, फोटो काढला, घरी आलो. कलेक्टरसाहेबांनी पोच दिली. त्यांच्या हातात तेवढेच होते.

लोकप्रशासन ही दुसरी शाखा. अमेरिकेचे अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १८८७ मध्ये, वुड्रो विल्सन यांनी कारभाराचा वेगळा अभ्यास झाला पाहिजे असा लेख लिहिला, तेव्हापासून तिची सुरुवात मानतात. आपल्या कांद्याचा कारभार पाहा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. डिसेंबरात बंदी, ३१ मार्चपर्यंतची. मार्चमध्ये तिला पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. शुल्क अर्थ मंत्रालयाचे. बंदी आणि किमान मूल्य वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचे. भावावर नजर आणि राखीव साठा ग्राहक व्यवहार खात्याचा. आपण मात्र सगळ्याला मिळून 'सरकार' म्हणतो आणि चुकीच्या दारावर धडका मारतो.

आता हे कागद त्याच वेळी का निघतात? इथे मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास लागतो. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचारात गाजला. १९९८ मध्ये दिल्लीत कांदा महागला आणि तिथले सरकार पडले. तेव्हापासून कोणत्याही पक्षाच्या सरकारला महाग कांद्याची धास्ती आहे. स्वस्त कांद्याची नव्हती. २०२४ मध्ये नाशिक आणि दिंडोरीत २० मे ला मतदान झाले, बंदी उठून जेमतेम सोळा दिवस झाले होते, आणि दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. कांद्याचा वाटा होता हे त्या आघाडीच्या नेत्यांनीही कबूल केले. पण म्हणून 'कांद्यानेच पाडले' असे भाषणात ठोकून देऊ नका. कोणी कशासाठी मत दिले हे मतदारांना शास्त्रीय पद्धतीने विचारून पाहावे लागते. रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या संस्थेने आपल्या देशात हे काम रुजवले.

आमच्या आवडीची शाखा तौलनिक राजकारण. एकच वाण पाच ठिकाणी लावून बघतो, तशी ही बहुस्थानीय चाचणी. रॉबर्ट बेट्स यांनी आफ्रिकेतले देश पाहिले आणि १९८१ मध्ये लिहिले, की सरकारी खरेदी मंडळे शेतमालाचे भाव दाबतात, कारण राज्यकर्त्यांना शहरांच्या असंतोषाची भीती असते. मायकेल लिप्टन यांनी १९७७ मध्येच याला शहरी पक्षपात म्हटले होते. मग खेड्यातले लोक संख्येने जास्त असून हरतात का? मॅन्कर ओल्सन यांचे १९६५ चे उत्तर आपल्याला झोंबणारे आहे. मूठभरांचा प्रत्येकी मोठा फायदा असला की ते लगेच एकत्र येतात. लाखोंचा थोडा थोडा फायदा असला, की प्रत्येक जण म्हणतो, "तो जातोय ना मोर्चाला? मग मी आज उसाला पाणी देतो." हसू नका, काल कोण कोण पाणी देत होते ते आम्हाला ठाऊक आहे! आशुतोष वार्ष्णेय यांनी १९९५ च्या पुस्तकात ऐंशीच्या दशकातली आपल्याकडची शेतकरी आंदोलने अभ्यासली. त्यांचे म्हणणे, शेतकरी म्हणून आपण एक असतो, पण जात, धर्म आणि भाषा आली की फुटतो. ते खोडून काढायला आम्हाला अजून जमलेले नाही.

आंतरराष्ट्रीय संबंधांचे थोडक्यात. आपला कांदा बांगलादेशात जातो. २०१९ च्या बंदीनंतर तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, स्वयंपाक्याला कांदा घालू नको असे सांगितल्याचा टोला मारला होता. २०२४ मध्ये बंदी असतानाही बांगलादेशला ५०,००० टन पाठवायची मुभा दिली गेली. म्हणजे कांदा मैत्रीतही खर्ची पडतो. गिऱ्हाईक मात्र असे वारंवार परत पाठवले की दुसरे दुकान शोधते.

राहिली राजकीय विचारांची शाखा. ती सर्वांत जुनी आणि सर्वांत अवघड. संविधानाच्या कलम १९ ने व्यापाराचे स्वातंत्र्य दिले, त्याच कलमाने लोकहितासाठी वाजवी निर्बंधही ठेवले. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला. वाजवी म्हणजे किती आणि लोक म्हणजे कोण? मुंबईच्या झोपडपट्टीत पाव किलो कांदा घेणारी बाईही लोकांतच येते, आणि तिचा बाप बहुधा आपल्यासारखाच कोरडवाहूवाला. तिला स्वस्त कांदा मिळावा हे आम्हाला मान्य आहे. त्याचे पैसे सरकारी तिजोरीने द्यायचे की एकट्या कांदेवाल्याने, हा वाद आहे, आणि तो वाद नुसत्या घोषणांनी जिंकता येणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपल्या पिकाबद्दलचा एक सरकारी आदेश मिळवून आणायचा. वर कोणता कायदा लिहिला आहे आणि खाली सही कोणत्या खात्याची आहे, या दोन ठिकाणी लाल खूण करून आणा. ज्यांना आदेश मिळणार नाही त्यांनी कोणत्या कचेरीत कोणत्या तारखेला विचारले आणि काय उत्तर मिळाले, ते वहीत लिहून आणायचे.