मुलीचे ताट आणि मुलीचे शिक्षण

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्य या विषयावर बोलण्यासाठी मला उभे करण्यात आले आहे. मी डॉक्टर नाही. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु दररोज सकाळी चाळीस-पन्नास मुलामुलींचे चेहरे ज्याच्या समोर असतात, त्याला पुस्तकात नसलेल्या काही गोष्टी दिसू लागतात. त्यांतीलच एक गोष्ट आज आपल्यापुढे मांडणार आहे. तिची सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून होते. ती चूक आधी कबूल करतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा मला अधिकार राहील.

काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. पाचवी-सहावीत हुशार म्हणून तिचे नाव होते. नववीत मात्र ती तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकू लागली. विचारलेले तिला ऐकू जात नसे, पाठ केलेले आठवत नसे. खेळाच्या तासाला ती भिंतीशी बसून राही. मैत्रिणींवर उगाच चिडे आणि मग एकटीच रडे. मी तिला दोनदा वर्गात उभे करून बोललो. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'आळशीपणा सोडावा.' लाल शाईने लिहिला.

तो शेरा घेऊन तिचे वडील शाळेत आले. ते कुवेतला नोकरीस असतात, दोन महिन्यांच्या रजेवर आले होते. मला म्हणाले, "सर, हिला शिक्षण झेपत नाही असं दिसतं. यंदा घरीच बसवतो." आणि मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला, आणि खरे सांगायचे तर तो होकारच होता.

सुदैवाने त्याच महिन्यात शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासले गेले. या मुलीचे निघाले ८.२. ते कमीत कमी १२ असावे लागते. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "ही मुलगी वर्गात जागी तरी राहते का?" मला तो लाल शेरा आठवला. मान वर करवेना.

मित्रहो, हिमोग्लोबिन म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यात, मेंदूपर्यंत पोहोचवणारा जो हमाल रक्तात आहे, त्याचे नाव हिमोग्लोबिन. तो तयार होण्यास लोह लागते. आहारात लोह कमी पडले की हमाल कमी होतात, आणि मेंदूला व स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. मग जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, लक्ष लागत नाही, मन उदास राहते. यालाच रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतात. पापणीच्या आतला भाग, जीभ आणि नखे फिकट दिसतात. काही मुली खडू, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा कच्चे तांदूळ खातात. आपण त्यांना रागावतो. वास्तविक ती वाईट सवय नसून पुष्कळदा लोह कमी असल्याची खूण असते. आणखी एक गैरसमज दूर करतो. अंगाने भरलेली मुलगी रक्ताने सशक्त असतेच असे नाही. भात आणि साखर यांनी अंग भरते, रक्त भरत नाही.

ही एका मुलीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, आपल्या देशात १५ ते १९ या वयाच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय आहे. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३१ आहे. एकाच घरातले, एकाच चुलीवरचे अन्न खाणारे भाऊ-बहीण, मग हा फरक का?

एक कारण निसर्गाचे आहे. वयात आल्यावर दर महिन्याला मुलीच्या शरीरातून रक्त जाते, त्याबरोबर लोह जाते. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीत १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज २२ मिलिग्रॅम आणि मुलीला ३० मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे असे म्हटले आहे. १६ ते १८ या वयात हेच आकडे २६ आणि ३२ आहेत. म्हणजे लोहाची गरज मुलीला मुलापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

दुसरे कारण मात्र आपले आहे. मी त्या मुलीच्या घरी गेलो तेव्हा तिच्या आईला विचारले, "ही जेवते कधी?" माऊली सहजपणे म्हणाली, "जेवते की सर. सगळ्यांचं झालं की माझ्याबरोबर बसते." त्या घरात कशाचीही उणीव नव्हती. मासे येत होते, मटण येत होते. परंतु आधी आजोबा, वडील, मग मुलगे, आणि शेवटी मायलेकी. शेवटच्या ताटात भात असतो, सार असते; तुकडी मात्र संपलेली असते. आईने हे तिच्या आईकडून घेतले, मुलगी आईकडून घेत होती. यात कोणाचा दुष्टावा नाही. पण ज्या ताटाला लोहाची सर्वांत जास्त गरज, तेच ताट सर्वांत शेवटी वाढले जाते, ही गोष्ट खरी आहे. प्रत्येकाने आज घरी जाऊन आपले ताट नव्हे, शेवटचे ताट पाहावे.

सकाळची स्थिती याहून वाईट. शाळेला एस.टी. लवकर असते. बहुतेक मुली एक कप चहा आणि त्यात बुडवलेली खारी किंवा बटर एवढ्यावर घर सोडतात. पैसा आला तशी घरात बेकरी आली आणि नाचणीची भाकरी गेली. चहामध्ये असा अंश असतो की तो अन्नातील लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, निदान एक तास जाऊ द्यावा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांत जे 'क' जीवनसत्त्व असते, ते लोह शोषून घेण्यास मदत करते. वरणावर, पालेभाजीवर लिंबू पिळणे ही केवळ चव नव्हे, ते औषध आहे.

आता खावे काय? महाग वस्तू सांगणार नाही. आपल्या कोकणच्या घरात जे आहे तेच सांगतो. मांस, कलेजी आणि मासळीतील लोह शरीराला चटकन लागू पडते. तिसऱ्यांमध्ये लोह चांगले असते. बकरी ईदला घरोघर कलेजी शिजते. तिचा पहिला तुकडा कोणाच्या ताटात पडतो, याचा विचार करा. रोजच्यासाठी कुळथाची पिठी, मसूर, चवळी, हरभरे, तीळ, नाचणी आणि हिरवा पाला आहे. अळीव तर लोहाचा खजिनाच आहे. चमचाभर अळीव भिजवून खीर करता येते. खजूर आपण आवडीने खातो, तो चांगलाच आहे, परंतु दोन खजूर खाल्ले म्हणजे रक्त वाढले असे समजू नका, त्यात लोह आपल्याला वाटते तितके नाही. जुनी लोखंडी कढई आणि तवा माळ्यावर टाकला असेल तर खाली काढा. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात थोडे लोह उतरते.

एका नाजूक गोष्टीबद्दल बोलतो. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी, परंतु न बोलल्याने नुकसान मुलींचे होते. रमजानमध्ये पाळीच्या दिवसांत स्त्रीला रोजा माफ आहे, नंतर तिने तो पूर्ण करावयाचा असतो, हे आपण सर्व जाणतो. तरीही आपल्या मुली त्या दिवसांत घरातील पुरुषांसमोर खाण्यास लाजतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घाईने दोन घास खातात, पुष्कळदा तेही नाही. सहेरीला उठत नाहीत, दिवसभर पाण्याचा घोट नाही, आणि नेमके याच दिवसांत शरीराला अन्न हवे असते. ज्या धर्माने सवलत दिली त्या धर्माच्या नावाने आपण ती लाजेपोटी काढून घेतो. आईने एवढेच करावे. मुलीसाठी ताट झाकून ठेवावे आणि तिला बसून, निवांत जेवू द्यावे. आणि घरातील पुरुषांनी त्या वेळी स्वयंपाकघराकडे फिरकू नये, चौकशी करू नये. ज्या मुली रोजा ठेवतात त्यांना सहेरीत नुसता चहा-पाव नको, भाकरी, अंडे, डाळ असे टिकणारे अन्न द्या.

शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीबद्दलही शंका पुष्कळ आहेत. ही गोळी लोह आणि फॉलिक अॅसिडची असते. शाळकरी मुलामुलींना आठवड्यातून एकदा ती देण्याची सरकारी योजना २०१३ पासून देशभर चालू झाली. काही पालक म्हणतात, या गोळीने पुढे मूल होत नाही. हे संपूर्ण असत्य आहे. उलट पुढे सुखरूप बाळंतपण व्हावे म्हणूनच आजपासून रक्त सुधारावयाचे आहे. गोळीने शौचास काळसर होते, क्वचित मळमळते, पोट दुखते. त्याने घाबरू नये. गोळी उपाशीपोटी घेऊ नये, आणि चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. जंतांचेही तसेच. आकडीचे जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतात. अनवाणी फिरल्याने ते पायातून शिरतात. म्हणून पायात चप्पल हवी, आणि २०१५ पासून फेब्रुवारीत पाळल्या जाणाऱ्या जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नये.

मात्र प्रत्यक्ष रक्तक्षय झालेला असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज, आणि साधारण तीन महिने औषध घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून पंधरा दिवसांत सोडू नये. एवढे करूनही रक्त वाढत नसेल तर स्वतःच्या मनाने औषध वाढवू नका. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष आहे का हे तपासून घ्या. आपल्यात नात्यात लग्ने होतात. पती-पत्नी दोघेही या दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक खेपेस चारात एक या प्रमाणात बाळाला गंभीर आजार होण्याचा संभव असतो. लग्नाआधी एक रक्ततपासणी केली तर हे कळते. त्यात कमीपणा काही नाही.

विद्यार्थिनींनो, आता तुमच्याशी. कमी खाणे म्हणजे सभ्यपणा नव्हे. चक्कर येत असेल, थकवा वाटत असेल, विनाकारण रडू येत असेल, तर ते आईला सांगा, बाईंना सांगा. आपणच निकम्मे आहोत असे मनात धरून बसू नका. तुमच्या मनाचा दोष नसेल, रक्ताचा असेल. खेळाच्या तासाला भिंत सोडून मैदानात या. आणि मुलांनो, तुम्हालाही सांगतो. बहीण जेवली का, हे विचारण्याने पुरुषपण कमी होत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी आई आणि बहीण यांना आधी बसवून तुम्ही वाढा. मग पाहा, पातेल्याच्या तळाशी काय उरते ते.

आम्हा शिक्षकांनाही एक विनंती आहे. 'आळशी' हा शब्द लिहिण्याआधी त्या मुलाने सकाळी काय खाल्ले, हे एकदा विचारावे. मी आता विचारतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे ऐकण्याची आपल्याला उत्सुकता असेल. मी तिच्या वडिलांना तपासणीचा कागद दाखवला आणि माझ्या शेऱ्याबद्दल त्यांची माफी मागितली. ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी तिकडून पैसे पाठवतो सर, पण ताट कोण पाहणार?" रजा संपण्यापूर्वी त्यांनी घरात एक नियम घातला. सर्वांनी एकाच दस्तरखानावर, एकाच वेळी बसावयाचे. औषध तीन महिने चालले. हिमोग्लोबिन ११च्या पुढे गेले. ती वर्गात पहिली वगैरे आली नाही. परंतु तिसऱ्या तासाला डोके वर ठेवून बसू लागली, आणि दहावी पास होऊन कॉलेजात गेली. मला तेवढे पुरे आहे.

आपली संस्था वर्गखोल्या बांधते, शिष्यवृत्त्या देते, मुलींनी शिकावे म्हणून घरोघर फिरते. हे कार्य थोरच आहे. परंतु शाळेपर्यंत आलेली मुलगी बाकावर जागी राहील की नाही, याचा निर्णय आपल्या स्वयंपाकघरात होतो. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. आपल्या मुलींची अमानत आपण नीट सांभाळावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.