सही करण्याआधी वही वाचा

(प्रभागसंघाच्या सर्वसाधारण सभेतील भाषण. जागेअभावी थोडे आटोपते केले आहे.)



मला 'पर्यावरण आणि गावाचा कारभार' यावर बोलायला सांगितलंय. विषय ऐकून मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे झाडं लावा, असंच ना?" नाही मावशी. झाडं आपण दर पावसाळ्यात लावतो, फोटो काढतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा लावतो. आज मी सहीबद्दल बोलणार आहे.

आधी माझी चूक सांगते. तेव्हा मी आमच्या गटाची सचिव होते. ऑगस्टचे दिवस, भाताची बेणणी चालू. संध्याकाळी ग्रामपंचायतीतून एक दादा वही घेऊन आले. "ताई, महिला सभेच्या सह्या तेवढ्या घेऊन ठेवा. कामं सोडून कोण येतंय?" मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, आपल्याला गावात किंमत आहे म्हणून. घरोघर फिरले आणि दीड तासात बेचाळीस सह्या गोळा केल्या. सह्यांच्या वरची जागा कोरी होती. मी विचारलंसुद्धा नाही.

त्या कोऱ्या जागेत नंतर लिहिलं गेलं की महिला सभा झाली, चर्चा झाली आणि महिलांनी आराखड्याला एकमताने मंजुरी दिली. आराखड्यात काय होतं? कमान, पेव्हर ब्लॉक आणि चौकात मोठा दिवा. आमच्या वरच्या वाडीचा झरा एप्रिलात आटतो. एवढा धो धो पाऊस पडणारा आपला मुळशी तालुका, आणि बाया हंडा घेऊन अर्धा तास खाली उतरतात. त्याच झऱ्याच्या वरच्या अंगाला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या प्लेटा आणि बाटल्या टाकून जाळायचे. पहिल्या पावसात ती राख पाण्यात. याची तक्रार घेऊन मी गेले, तर भाऊसाहेबांनी शांतपणे वही उघडून दाखवली. "ताई, ही तुमचीच सही ना?"

त्या रात्री मला झोप आली नाही. कोणी फसवलं, असंही म्हणता येईना. वही मीच फिरवली होती.

आपल्या मुळशीत १९२१ साली काय झालं, ते शाळेत थोडंफार ऐकलेलं असतं. १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी तो चालवला. निळा-मुळेच्या खोऱ्यातली भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. पाणी डोंगर उतरून भिऱ्याला, तिथे वीज, वीज मुंबईला. लोक तुरुंगात गेले. त्यात बायाही होत्या. १९२४ पर्यंत लढा चालला, आणि तरी धरण झालंच. त्या माणसांना 'आम्हाला विचारा' म्हणायला कायद्याने दिलेली जागा नव्हती, म्हणून त्यांना चालू कामात आडवं पडावं लागलं. आपल्याला जागा आहे. मी ती बेचाळीस सह्यांनी भरून टाकली.

ती जागा म्हणजे महिला सभा. ग्रामपंचायत कायद्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची आहे. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमाराला ग्रामसभा असतात, म्हणजे महिला सभा कधी असणार ते आपल्याला आधीच कळतं. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी नसली तर सभा तहकूब होते. आणि इथे नीट ऐका, तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा हजेरीची अट नसते. दहा माणसांतही ठराव होतो. 'सभा रद्द झाली' असं ऐकून घरी बसू नका. रद्द झाली की तहकूब, ते विचारा.

दुसरी गोष्ट पैशाची. पंधराव्या वित्त आयोगाच्या पाच वर्षांत, २०२१ ते २०२६, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची अट घातलेली होती. म्हणजे 'झऱ्यासाठी पैसा नाही' हे उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न तयार ठेवायचा: पाण्याचे पैसे कुठल्या कामाला लावले?

आणि आपण गटाच्या बाया म्हणून आपल्याला एक जास्तीचं दार आहे. ग्रामसंघ दरवर्षी गावाचा जो आराखडा बनवतो, पूर्वी ज्याला गरिबी निर्मूलन आराखडा म्हणायचे, तो ग्रामसभेत मांडून गावाच्या विकास आराखड्यात घ्यायचा असतो. त्यात वैयक्तिक लाभाच्या मागण्या आपण बरोबर भरतो. पण रस्ता, पाणी, कचरा, गायरान अशा सगळ्यांच्या गोष्टींचा भाग असतो, तो घाईघाईत भरला जातो. आम्हीही तसाच भरायचो.

पुढच्या वर्षी आम्ही तो भाग पाच बैठका घेऊन भरला. झऱ्याच्या वर कचरा टाकायला बंदी, खाली रस्त्यालगत कचऱ्याची शेड, आणि झऱ्याच्या माथ्यावर पाणी जिरवायला चर. एवढंच. पण लिहायला बसलो तेव्हा अडचण निघाली. जिथून कचरा यायचा, त्या फार्महाऊसवर आपल्याच गटातल्या तिघी कामाला. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुझा झरा वाचेल, माझी चूल विझेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की अर्जावर एकाही बाईचं नाव नको, अर्ज ग्रामसंघाचा. कुठल्या मालकाचंही नाव नको. सगळ्या फार्महाऊसना एकच नियम. त्या तिघींना सही मागायची नाही आणि सभेत त्यांच्याकडे वळून बघायचंही नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

महिला सभेला आम्ही एकसष्ट जणी गेलो. ठराव वहीत लिहून होईपर्यंत कोणी सही केली नाही. एका सातवीतल्या मुलीने तो मोठ्याने वाचला, मग सह्या. शेवटच्या सहीखाली रेघ मारून घेतली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तो वाचायला लावला आणि महिनाभराने नक्कल मागितली. नक्कल मिळायला टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही फी नाही.

आज काय स्थिती आहे? झऱ्याच्या वर कचरा पडत नाही. शेडच्या भिंती उभ्या आहेत, पत्रा अजून नाही. चर खणले. यंदा झरा मेच्या मध्यापर्यंत टिकला. त्यात चरांचा वाटा किती आणि लांबलेल्या पावसाचा किती, ते मी छाती ठोकून सांगणार नाही. त्या तिघींची कामं टिकली. एका मालकांनी मात्र माझ्याशी बोलणं सोडलंय.

जाता जाता आणखी एक वही सांगते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असते, तिच्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात, असं नियमांत आहे. गावातली झाडं, रानभाज्या, बियाणं यांची लोक जैवविविधता नोंदवही या समितीने करायची. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी वह्या घाईत झाल्या. आमच्या वहीत रानभाज्या मोजून तीन! शेवळं नाही, भारंगी नाही, चाईचा मोहोर नाही. आमच्या आजेसासूबाई चष्मा न लावता वीस सांगतील. समितीत आपल्यातल्या कोण आहेत ते जाऊन विचारा. कधीकधी बाईचं नाव असतं आणि तिलाच माहीत नसतं.

आणि ३१ जुलै २०२४ ला पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा निघाला, त्यात आपल्या तालुक्यातली गावं आहेत. हरकती-सूचनांना साठ दिवस होते. बेणणी आणि गणपती यांतच ते गेले. मोबाईलवर फिरत होतं की आता शेती बंद, घर दुरुस्त करता येणार नाही. मसुद्यात बंदी होती ती खाणी, दगडखाणी, जास्त प्रदूषण करणारे कारखाने आणि फार मोठी बांधकामं यांवर. राहत्या घराची दुरुस्ती चालणार होती. त्यावर आपलं मत बाजूचं असो की विरोधातलं, ते द्यायला आधी कागद वाचायला हवा होता. आमच्या ग्रामसंघात तो कोणीच वाचला नव्हता, मीही नाही.

म्हणून आता आमच्याकडे महिन्याच्या बैठकीत बचत आणि कर्जफेड झाली की दहा मिनिटं ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डाची. एक जण जाऊन फोटो काढून आणते, दुसरी वाचते. या महिन्याची पाळी माझी आहे. शेडच्या पत्र्याचं अंदाजपत्रक लागलंय म्हणतात, ते बघायला मी उद्या सकाळी जाणार आहे.