शिलाई मशीनचे तेलपाणी

(शिवणवर्गाच्या निरोप समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी काटकसर आणि स्वावलंबन यांवर बोलण्याची प्रथा आहे. मी मात्र आज तेलाच्या एका थेंबावर बोलणार आहे. कारण स्वावलंबनाची गाडी पुष्कळदा त्या थेंबापाशीच अडते.

शिवणकामाला आपल्याकडे मोठा मान आहे. हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांनी प्रथम कपडा शिवला, असे आपल्यात परंपरेने सांगतात. आपल्याच हिंगोली जिल्ह्यातील नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते, आणि नामदेव शिंपी कुळातले. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली आपल्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. महात्मा गांधींना यंत्राचा हव्यास मान्य नव्हता. पण १९२४ साली कोणी विचारले तेव्हा त्यांनी सिंगरच्या या यंत्राला अपवाद केला. माणसाला निकामी न करता त्याचे कष्ट कमी करणारे हे यंत्र आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ मशीन तयार होऊ लागले आणि हे यंत्र खेड्यापाड्यांत पोहोचले.

त्या घडणीची काळी, सोनेरी नक्षीची मशीने आजही कुरुंद्यात कितीतरी घरांत आहेत. कोणाच्या दादीचे, कोणाच्या अम्मीचे. पुष्कळ मशीनांवर आज कपड्यांचे गाठोडे ठेवलेले असते. ‘म्हातारे झाले, जड चालते’ असे म्हणून शेवटी ते भंगारात जाते. माझे म्हणणे एवढेच, की लोखंड इतक्या लवकर म्हातारे होत नाही. बहुतेक वेळा ते उपाशी असते, किंवा त्याला भलतेच खाऊ घातलेले असते.

भलतेच म्हणजे घरातले तेल. खोबरेल थंडीत बाटलीत थिजते, तसे मशीनमध्येही थिजते. करडईचे तेल हवेने हळूहळू सुकते आणि चिकट पापुद्रा धरते. म्हणूनच रंग व वार्निश करण्यासाठी ते वापरतात. आता सांगा, सांध्यांत वार्निश भरल्यावर मशीन हलके कसे चालेल? शिलाई मशीनचे पातळ, पांढरे तेल खनिज असते. ते असे सुकत नाही. तेच वापरावे.

आता कृती सांगतो. प्रथम पट्टा काढावा आणि वरचे चाक हाताने आपल्याकडे फिरवावे. ते सहज फिरले, तर दोष खाली पायाच्या फळीच्या सांध्यांत आहे. जड फिरले, तर दोष वर आहे. सुई व वरचा दोरा काढून ठेवावा. दात्यांवरची पत्री पेचकसाने काढावी. दात्यांच्या फटींत धाग्याचा कीस आणि धूळ दाबून बसून त्याचा नमदा झालेला असतो. तो मऊ ब्रशाने काढावा. तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर ओल आत जाते व गंज चढतो. मग बॉबीनची केस काढून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या फिरवाव्यात आणि शटल बाहेर घ्यावे. त्याच्या वाटेत अडकलेला बोटभर दोरासुद्धा सारे मशीन बंद पाडतो.

जुने तेल फारच चिकटले असेल, तर सांध्यांत रॉकेलचे दोन-चार थेंब सोडून चाक फिरवावे व रात्रभर ठेवावे. हे काम चुलीपासून आणि दिव्यापासून दूर, मोकळ्या हवेत करावे. सकाळी सगळे पुसून लगेच मशीनचे तेल द्यावे, कारण रॉकेलने सांधे कोरडे पडतात. सोनेरी नक्षीला मात्र रॉकेल किंवा स्पिरिट लावू नये, नक्षी जाते.

जिथे लोखंडावर लोखंड घासते, तिथे एक थेंब: वरची छिद्रे, सुईचा दांडा, खालचे सांधे, शटलची वाट. पट्ट्याला व दोऱ्याच्या ताणाच्या चकत्यांना तेल लागू देऊ नये. मग फूट वर उचलून, दोरा न ओवता मशीन चार-पाच मिनिटे चालवावे आणि शेवटी चिंधीवर शिवून पाहावे, म्हणजे जादा तेल चिंधीत उतरेल, गिऱ्हाइकाच्या कापडावर नाही. दिवसभर चालणाऱ्या मशीनला रोज, घरगुती मशीनला आठवड्यातून एकदा तेल पुरे.

मुलींनो, हे एवढे तपशिलाने का सांगतो? मशीन बंद पडते ते रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, लग्नसराईत किंवा जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवताना. कारण तेव्हाच ते सर्वांत जास्त चालते. त्या वेळी वसमतला किंवा नांदेडला मशीन नेणारा घरात कोणी नसेल, तर चार दिवस हात बांधून बसावे लागते. कापड दुसरीकडे जाते, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. शासनाने २०२३ साली सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम करणाऱ्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. ती अवश्य घ्यावी. पण मशीन मिळणे ही अर्धी गोष्ट. ते चालते ठेवणे ही दुसरी अर्धी, आणि ती कोणत्याही योजनेत मिळत नाही.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून शिवणवर्गाचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रत्येक मुलीकडून शटल काढून, साफ करून, परत बसवून घ्यावे. सलवार-कुडत्याच्या बेतण्याइतकेच गुण या कामाला असावेत. जिला आपले मशीन उघडता येते, तिची कमाई दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहत नाही.