प्राणिजन्य हृदय-झडपा : शस्त्रक्रिया आणि निवड



या व्याख्यानमालेत विज्ञानाचा एखादा विषय मराठीतून, सर्वांना समजेल असा मांडला जावा, अशी चालकांची अपेक्षा असते. तिला अनुसरून आज मी प्राण्यांच्या ऊतींपासून बनविलेल्या हृदय-झडपांविषयी बोलणार आहे.

आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्ताला पुढे जाऊ द्यायचे आणि मागे फिरू द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. पण ते दिवसाला सुमारे १ लाख वेळा करावे लागते. दहा वर्षांत ही संख्या ३६ कोटींच्या पुढे जाते. आपल्या देशात झडपा निकामी होण्याचे एक मोठे कारण म्हणजे बालपणीचा सांधेताप. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो, त्यावर नीट उपचार होत नाहीत, पुढे ताप येतो, सांधे धरतात आणि काही मुलांच्या झडपा कायमच्या आकसतात. दुरुस्ती शक्य असेल तर दुरुस्तीच करावी. ती अशक्य ठरली, तरच झडप बदलण्याचा प्रश्न येतो.

१९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्या सहकार्याने बनविलेली, पिंजऱ्यात चेंडू असलेली यांत्रिक झडप रुग्णाच्या हृदयात यशस्वीपणे बसविली. यांत्रिक झडपा टिकाऊ खऱ्या. परंतु परक्या पृष्ठभागावर रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून रुग्णाला वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. ही अडचण टाळण्यासाठी शल्यविशारदांची दृष्टी निसर्गाने घडविलेल्या झडपांकडे वळली. १९६२ साली लंडनमध्ये डॉ. डोनाल्ड रॉस यांनी मृत व्यक्तीची झडप वापरली. पण अशा झडपा पुरेशा मिळेनात. १९६५ साली पॅरिसमध्ये डॉ. बिने, डॉ. आलँ कार्पांतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराची झडप माणसाच्या हृदयात बसविली. आरंभीच्या त्या झडपा फार काळ टिकल्या नाहीत; शरीर त्यांना परके मानून त्यांचा नाश करी.

यावरचा उपाय आपल्या भागातील लोकांना समजावून सांगणे सोपे आहे. अथणी-निपाणीकडे चपलांसाठी कातडे कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कच्चे कातडे कुजते, कमावलेले टिकते. कार्पांतिए यांनी झडपेसाठी ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन वापरले. त्याने ऊतीतील कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि शरीराचा विरोध पुष्कळ कमी होतो. पुढे १९७१ साली इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. मेरियन आयोनेस्कू यांनी गोवंशाच्या हृदयाभोवतीचे पातळ आवरण याच रीतीने टिकवून, चौकटीवर शिवून झडप बनविली. आज हे दोन्ही प्रकार प्रचारात आहेत.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत बहुधा छातीचे मधले हाड उभे कापतात. रक्ताभिसरण हृदय-फुप्फुस यंत्राकडे सोपवून हृदय औषधाने थांबविले जाते. मग रोगट झडप काढतात. महारोहिणीची झडप काढताना चुन्याचा कण आत पडू नये, याची काळजी घ्यावी लागते. डाव्या बाजूच्या द्विदल झडपेचे दोर शक्य तितके राखतात, कारण त्यांच्यावर हृदयकप्प्याचे बळ अवलंबून असते. मापकाने योग्य आकार ठरविल्यावर नवी झडप मिठाच्या निर्जंतुक पाण्यात खळबळून धुतात, म्हणजे रसायन उरत नाही. काठाभोवती डझनभर वा अधिक टाके आधी घालून घेतात, तेच झडपेच्या कापडी कडेतून ओवतात, झडप जागेवर उतरवतात आणि गाठी मारतात. शेवटी हृदयातील हवा काळजीपूर्वक काढून टाकतात. हवेचा बुडबुडा मेंदूत गेला तर अनर्थ होतो.

आता खरा प्रश्न. प्राणिजन्य झडपेला आरंभीचे काही महिने सोडल्यास बहुधा रक्त पातळ करण्याचे औषध लागत नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर मात्र लागू शकते. तथापि ही झडप झिजते, तिच्यात चुना साठतो. साधारणतः दहा ते पंधरा वर्षांनी ती बदलावी लागते, आणि तरुण शरीरात याहूनही लवकर. म्हणून साठी-पासष्टी ओलांडलेल्यांना ती सोयीची, तर तरुणांना बहुधा यांत्रिक झडप सुचविली जाते.

परंतु सांधेतापाचा रुग्ण आपल्याकडे पुष्कळदा तरुणच असतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा विचार करा. यांत्रिक झडप घेतली, तर वॉरफरिनमुळे गर्भाला इजा होण्याची भीती; औषध बदलले, तर झडपेत गुठळी होण्याचा धोका. प्राणिजन्य झडप घेतली, तर मातृत्वाचा मार्ग पुष्कळसा सुकर. पण पुढे दुसरी शस्त्रक्रिया जवळजवळ अटळ. खेड्यात राहणाऱ्याला नियमित रक्ततपासणी जमेल का, दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण सोसणार, हेही त्याच वेळी पाहावे लागते. अशा वेळी निर्णय केवळ वडीलधाऱ्यांनी वा डॉक्टरांनी परस्पर घेऊ नये. त्या मुलीला दोन्ही बाजू तिच्या भाषेत सांगून तिचे मत विचारले पाहिजे. झडप कोणत्या प्राण्याची, हेही शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले पाहिजे. ज्याच्या श्रद्धेला ते रुचणार नाही, त्याला दुसरा पर्याय मागण्याचा अधिकार आहे.

२००२ साली फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळीवाटे प्राणिजन्य झडप हृदयात बसविली. आता झिजलेल्या प्राणिजन्य झडपेच्या आतही काही रुग्णांत याच रीतीने नवी झडप बसविता येते. त्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेचे भय थोडे ओसरले आहे. खर्चाचे भय मात्र कायम आहे.

या सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत, म्हणून शेवटी एकच विनंती. वर्गातील मुलाचा घसा ताप येऊन दुखत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा. सांधेताप होऊन गेलेल्या मुलाची पेनिसिलिनची ठरलेली इंजेक्शने, त्याला बरे वाटू लागले म्हणून, चुकू देऊ नका. उत्तमातील उत्तम झडपही निसर्गाने दिलेल्या निरोगी झडपेची बरोबरी करीत नाही, आणि ती राखण्याचे काम शस्त्रक्रियागृहाच्या पुष्कळ आधी, घरात आणि शाळेत सुरू होते.