पहिलीच्या उंबरठ्यावर
(मंडळाच्या अकोला येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज सभेपुढे एक ठराव मांडला आहे. पहिलीत जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी मंडळाच्या सभागृहात उन्हाळ्यात दीड महिन्याचा तयारी-वर्ग काढावा, त्यात बाराखडी, शंभरापर्यंतचे आकडे व इंग्रजी अक्षरे घोटून घ्यावीत आणि अखेरीस परीक्षा घेऊन पहिल्या तिघांस बक्षिसे द्यावीत, असा तो ठराव आहे. त्यामागील कळकळ आम्हांस मान्य आहे. परंतु ठराव आहे तसाच संमत होऊ नये, हे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आमच्या पिढीत खेड्यातील शाळेत नाव घालावयाचे म्हणजे गुरुजी मुलास म्हणत, "उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर." धरता आला की पोर पहिलीत, न आला तर "पुढल्या साली आणा." जन्मतारीख घरी कोणास ठाऊक नसे, म्हणून गुरुजी दाखल्यावर १ जून लिहीत. या सभागृहात १ जूनला वाढदिवस असणारे मोजले तर निदान एक रांग भरेल! त्या परीक्षेस आज आपण हसतो. परंतु सहा-सात वर्षांच्या सुमारास मुलाचे हात डोक्याच्या मानाने लांब होतात, तोपर्यंत कानास पोचत नाहीत, हे त्या गुरुजींनी हेरले होते. खुरटलेल्या गरीब पोरावर तीत अन्याय होत असे, हेही खरे. तरी ते मुलाचे पाठांतर पाहत नव्हते, वाढ पाहत होते.

आता आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमचा नातू साडेपाच वर्षांचा असताना शहरातील एका शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी त्यास व त्याच्या आईस बोलाविले. चित्र दाखवून बाईंनी विचारले, केळ्याचा रंग कोणता? पोर गप्प. "तयारी नाही" असा शेरा मिळाला. सून रडत घरी आली. रात्री नातू आम्हांस म्हणाला, "आबाजी, केळं कच्चं होतं का पिकेल होतं, हे बाईनं सांगतलंच नाही." मुलाची तयारी पुरेपूर होती; विचारणाराची कमी होती. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलास किंवा पालकांस अशी चाळणी लावण्यास मनाई केली आहे. आपण पालक हे जाणत नाही, किंवा जाणूनही गप्प बसतो.

या विषयाशी अमरावतीचे एक नाते आहे. ताराबाई मोडक यांचा संसार वकील पतीसमवेत अमरावतीसच झाला. पुढे त्या भावनगरास गेल्या. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. रोम शहरात १९०७ साली माँटेसोरीबाईंनी उघडलेल्या बालगृहाची तत्त्वे त्यांनी आपल्या मातीत रुजविली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या, सोबत अनुताई वाघ होत्या. माँटेसोरीची महाग साधने खेड्यात कोठून येणार? त्यांनी बिया, शंख, पाने, खडे घेतले. वस्तीवरील मुले बालवाडीत येत ना, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा राज्यातील पहिल्या प्रकल्पांत आपल्या मेळघाटातील धारणी होते. तेथील कोरकू मुलास शाळेची मराठी परकीच. आपल्या मुलांची अडचण तेवढी मोठी नाही, पण आहे. घरी "मले" म्हणणाऱ्या पोरास पहिल्याच दिवशी "मला म्हण" म्हणून हटकले की ते पुढे तोंडच उघडत नाही. मुलाने आधी बोलावे; "मला" पुस्तकातून आपोआप येईल.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, त्यात पहिली-दुसरीही आली. त्याच वर्षी आपल्या शासनाने पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण असावीत असे ठरविले. म्हणजे जूनच्या अखेरीस वर्गात साडेपाच वर्षांचे मूल आणि साडेसहाचे मूल शेजारी बसते. त्या वयात एक वर्ष म्हणजे केवढे अंतर! अशा दोघांची एकच परीक्षा घेऊन आपण बक्षीस देणार ते कशास? लवकर जन्मल्याबद्दल?

तयारी म्हणजे काय, हे आपल्या आयाबायांस ठाऊक होते. भुलाबाईच्या दिवसांत मुली डबा हालवून आतली खिरापत ओळखतात. आवाज ऐकणे, तर्क करणे, चुकले की पुन्हा विचारणे, आपली पाळी येईतो थांबणे, सारे त्यात आले. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजविणाऱ्या बोटांस पुढे पेन्सिल जड जात नाही. तुरी आणि ज्वारी वेगळी निवडणारे मूल वर्गीकरणच शिकते. राज्यात २०२२ साली शाळापूर्व तयारीचे मेळावे भरले, त्यांतही भर होता तो खेळांवर आणि मातांच्या गटांवर.

म्हणून आमची उपसूचना अशी. वर्ग अवश्य काढावा. परंतु अक्षरे घोटविणे, परीक्षा व बक्षिसे ही तीन वाक्ये ठरावातून गाळावीत. वर्ग सकाळी सात ते नऊ असावा, त्यापुढे वैशाखात पत्रे तापतात. रोज दोन माता आळीपाळीने बसतील. गोष्ट, गाणे, वाळूत बोटाने रेघा, चिंचोके मोजणे, आपली चप्पल आपण घालणे, मूतावयास जायचे असल्यास न लाजता सांगणे, एवढेच. हे शेवटचे क्षुल्लक वाटेल. पण पहिलीच्या पहिल्या आठवड्यात मुले रडतात ती बहुधा एवढ्याचसाठी.

बक्षिसांसाठी राखलेल्या रकमेतून एक मोठी सतरंजी, दोन रांजण आणि गोष्टींची पुस्तके येतील. वाळू व चिंचोके आम्ही आणवू. सरकीचे एक पोते मात्र जिनिंगवाल्या बंधूंपैकी कोणी द्यावे, आणि ज्या मातांस बसणे शक्य आहे त्यांनी सभा संपताच आपली नावे चिटणीसांकडे लिहून द्यावीत.